तीन दिवसांची निवेदिका

[दृश्य: सिडनी. एबीसीच्या इमारतीचा दर्शनी भाग]

सिडनीच्या अल्टिमो भागातली ही इमारत. ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, अर्थात एबीसी. सरकारी तिजोरीतून वर्षाला 100 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक पैसा इथे येतो. तरीही संस्थेचं स्वातंत्र्य जपणं हे संचालक मंडळाचं कर्तव्य आहे, असं 1983चा कायदा बजावतो.

18 डिसेंबर 2023, सोमवार. सकाळच्या रेडिओ कार्यक्रमात अँटोनेट लतूफ माइकसमोर बसल्या. बदली निवेदिका म्हणून पाच दिवसांचं काम. त्या लेबनीज वंशाच्या पत्रकार, गाझाबद्दल आधीपासून उघड बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी तक्रारींचे ईमेल यायला लागले.

[दृश्य: मोबाइलचा पडदा, इन्स्टाग्राम]

मंगळवारी त्यांनी शेअर केलेली पोस्ट ही. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेचा अहवाल: गाझात उपासमारीचा युद्धातलं हत्यार म्हणून वापर. सोबत लतूफ यांची एक ओळ, अहवालात काय म्हटलंय एवढंच सांगणारी. याच अहवालाची बातमी खुद्द एबीसीनेही दिली होती.

बुधवारी कार्यक्रम संपला आणि त्यांना सांगण्यात आलं, उरलेले दोन दिवस येऊ नका.

[दृश्य: न्यायालयाचं थेट प्रक्षेपण, फेब्रुवारी 2025]

लतूफ एबीसीविरुद्ध कोर्टात गेल्या. बंद दाराआड काय घडलं होतं, ते फेडरल कोर्टाच्या सुनावणीत सगळ्यांना दिसलं. कागद एकेक करून बाहेर आले. ‘लॉयर्स फॉर इस्रायल’ नावाच्या व्हॉट्सअॅप गटातून तक्रारी कशा ठरवून पाठवल्या गेल्या, ते दिसलं. एबीसीच्या तेव्हाच्या अध्यक्षा इटा ब्युट्रोज त्या तक्रारी पुढे सरकवत होत्या. आणि हा त्यांचा ईमेल बघा: हिला फ्लू, कोविड, नाहीतर पोटाचा त्रास होऊ शकत नाही का? साक्षीत त्या म्हणाल्या, लतूफ यांना सन्मानाने बाजूला होता यावं म्हणून ते सुचवलं. असेलही. पण एवढ्या मोठ्या संस्थेची अध्यक्षा पाच दिवसांच्या निवेदिकेसाठी आजारपण शोधत होती, हे कागदावर राहिलंच.

निर्णय घेतला ख्रिस ऑलिव्हर-टेलर यांनी, कार्यक्रम विभागाचे प्रमुख. कारण दिलं आदेश मोडल्याचं: वादग्रस्त काही पोस्ट करू नका असं बजावलं होतं म्हणे. कोर्टाने तपासलं. वरिष्ठ सहकाऱ्याने दिला होता तो सल्ला. आदेश कुणी दिलाच नव्हता. आरोप लेखी कळवून उत्तराची संधी द्यायची, हा कामगार करारातला साधा नियमही पाळला गेला नाही. शिवाय पाचही दिवसांचा पगार दिलाय, मग काढलं कुठे, असा एबीसीचा युक्तिवाद! तो जून 2024 मध्येच फेअर वर्क कमिशनने, म्हणजे कामगार वादांच्या आयोगाने, फेटाळला होता.

[दृश्य: न्यायालयाबाहेर, 25 जून 2025. कॅमेऱ्यांची गर्दी]

न्यायमूर्ती डॅरिल रंगैया यांचा निकाल: राजकीय मत हे काढण्यामागचं एक कारण होतं, आणि फेअर वर्क या कामगार कायद्याच्या कलम 772 नुसार अशा कारणावरून काढणं बेकायदा आहे. वरिष्ठांच्या अवस्थेला त्यांनी घबराट म्हटलं. वंशभेदाचा आरोप मात्र मान्य झाला नाही.

[दृश्य: लतूफ माध्यमांशी बोलताना. निवेदन थांबवून मूळ आवाज ठेवावा]

ऑस्ट्रेलियाच्या संविधानात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वेगळा, थेट हक्क लिहिलेला नाही. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निनावी ट्वीट करणाऱ्या एका सरकारी कर्मचाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली होती. लतूफ जिंकल्या त्या कामगार कायद्याच्या आधारावर.

70,000 डॉलर भरपाई, सप्टेंबरमध्ये आणखी 1,50,000 डॉलर दंड. वकिलांवर एबीसीने 20 लाख डॉलरहून जास्त खर्च केला, लोकांच्या पैशातून. नवे व्यवस्थापकीय संचालक ह्यू मार्क्स यांनी माफी मागितली. निकाल लागला तेव्हा ब्युट्रोज आणि ऑलिव्हर-टेलर दोघेही पदावर नव्हते.