दहावा माणूस: बेने इस्राएलींचा वसंत

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात स्थायिक झालेले बेने इस्राएल हे ज्यू लोक पेसाह या सणाला पूर्वी ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत असत. आंबवलेल्या द्रवाचे भांडे झाकून ठेवायचे आणि त्याला हात लावायचा नाही, असा त्या नावाचा अर्थ. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी ही जुनी मराठी नावे नोंदवून ठेवली म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहेत. परंपरा अशी सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचे वंशज कोकणातील गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांच्यापाशी ग्रंथ उरले नव्हते. मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा, जी पेसाहचा प्राण आहे, तीही बहुधा विसरली गेली होती. पण वसंतातल्या त्या दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही, हा नेम स्वयंपाकघरात टिकून राहिला. अर्थ हरवल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या नेम सांभाळणाऱ्या त्या अनाम बायकांविषयी मला अतिशय आदर वाटतो, आणि आजच्या भाषणाची सुरुवात मी त्यांच्यापासूनच करतो.

ज्यूंची कालगणना आपल्या पंचांगासारखीच चांद्रमासांची आहे आणि सण आपापल्या ऋतूत राहावेत म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा तिच्यात अधिक महिना धरतात. त्यामुळे पुरीम हा सण बहुतेक वर्षी होळीच्या आसपास येतो आणि पेसाहची पहिली रात्र चैत्री पौर्णिमेच्या चांदण्यात येते. पुरीमला कोकणात ‘होळीचा सण’च म्हणत. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, ज्यूंना वाचवणाऱ्या राणी एस्तेरच्या कथेची गुंडाळी वाचतात, आणि त्यांच्या जिवावर उठलेल्या दुष्ट हामानाचे नाव आले की मुले पाय आपटून कल्लोळ करतात. मात्र वाचन झाले म्हणजे पुरीम झाला, असे नाही. किमान दोन गरजूंना दान दिले पाहिजे आणि किमान एका स्नेह्याकडे दोन तऱ्हेचे खाद्यपदार्थ पाठवले पाहिजेत. दान हा येथे प्रार्थनेनंतरचा ऐच्छिक उपचार नसून सणाचाच भाग आहे.

पुरीम ते पेसाह हा एक महिना कामाचा असतो. जुन्या काळी कोकणात या दिवसांत घराला सफेदी करीत आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावून घेत. आदल्या रात्री दिवा घेऊन घराचे कानेकोपरे शोधायचे आणि खमिराचा जो तुकडा सापडेल तो सकाळी जाळून टाकायचा, या कामात मुलांचा वाटा मोठा. याच महिन्यात ‘माओत हितीम’ म्हणजे ‘गव्हाचे पैसे’ गोळा करण्याची प्राचीन ज्यू रीत आहे. ज्याच्या घरी सणाच्या बिनखमिराच्या रोटीची, म्हणजे मात्साची, सोय नाही, त्याची सोय समाजाने करायची. इतर लोक आनंदात असताना एखादे घर पेसाहला उपाशी राहिले, तर सुटकेचा सण कोणी साजरा केला असे म्हणायचे?

पेसाहच्या रात्री घरातल्या मेजाभोवती सेदेर, म्हणजे सुटकेची कथा सांगत करायचे विधिवत जेवण, होतो, आणि माझ्या मते जगातील सर्वांत सुंदर पाठशाळांपैकी ही एक आहे. सर्वांत धाकटे मूल विचारते, ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ आणि थोरांनी रात्रभर त्याचे उत्तर द्यायचे. कडू पाला गुलामीच्या कडवटपणाची आठवण देतो, आणि हारोसेत हे गोड चाटण गुलामांनी कालवलेल्या विटामातीच्या चिखलाची. बेने इस्राएली घरांत ते खजुराचे करतात. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले शरबत पेल्यात असते. चार प्रकारच्या मुलांना कसे शिकवावे, हेही त्या रात्रीच्या पोथीत, हागादात, सांगितले आहे. जे मूल प्रश्नच विचारू शकत नाही, त्याच्यासाठी तूच सुरुवात कर, असे तेथे म्हटले आहे. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाचा इतका विचार फार थोड्या धर्मग्रंथांनी केला असेल.

त्याच पोथीच्या आरंभी एक आमंत्रण आहे: जो कोणी भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे. हे वाक्य हिब्रूत नसून अरामीत आहे, आणि ते सामान्य माणसाला कळावे म्हणून त्याच्या बोलीत ठेवले, असा खुलासा परंपरा करते. महाराष्ट्रात हीच गोष्ट मराठीने झाली. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा शिळाछापाने निघाला, आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या हागादात लुगडे नेसलेल्या बायका मात्साच्या रोट्या लाटताना आणि भाजताना दाखवल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची कित्येक पुस्तके मराठीत आणली. १८८० साली काही बेने इस्राएली मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने टाळमृदंगाच्या साथीने मराठीत लावली. ज्या समाजाकडे एकेकाळी ‘शेमा’ या एका प्रार्थनेपलीकडे फारसे काही उरले नव्हते, त्याने शंभरेक वर्षांत स्वतःची भाषा न सोडता हे सगळे परत मिळवले.

आता उपासनेविषयी. मुंबईत सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली शाआर हारहामीम हे सिनेगॉग बांधले. लोक त्याला मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. पनवेल, रेवदंडा, अलिबाग, ठाणे, पुणे अशी ही मालिका पुढे वाढली. प्रत्येक ठिकाणी मुकादम, गबाय, शमाश असे मानकरी कारभार पाहत आले आहेत. परंतु १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. आज महाराष्ट्रातील संख्या काही हजारांच्या घरात आहे, ती मुख्यतः मुंबई आणि ठाणे परिसरात. कोकणातील जुनी सिनेगॉगे मात्र उभी आहेत.

येथे मिन्यानचा प्रश्न येतो. पारंपरिक नियमानुसार तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याखेरीज सार्वजनिक प्रार्थना होत नाही, तोराची, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी काढून वाचता येत नाही आणि मृतांसाठीचा कद्दीशही म्हणता येत नाही. नऊ माणसे कितीही विद्वान असली, तरी ती नऊच. मोठ्या शहरात ही अट ध्यानातही येत नाही. पण ज्या गावात दोन-तीन घरे उरली आहेत तेथे दहावा माणूस हीच सेवा ठरते. मुंबईहून पहाटे निघून, एसटीने किंवा बोटीने अलिबागच्या बाजूला जाऊन, केवळ तेथील हेखालचे, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याच्या कपाटाचे, दार उघडावे म्हणून उभा राहणारा माणूस पैसे देत नाही, भाषणही करीत नाही. तो फक्त मोजला जातो. स्वयंसेवा म्हणजे काही तरी करून दाखवणे, अशी आपली समजूत असते. एखाद्या ठिकाणी आपण हजर असणे एवढेच दुसऱ्या नऊ जणांची प्रार्थना पुरी करते, हे मला फार मोलाचे वाटते.

पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून आणखी एक मोजणी सुरू होते, ती ओमेरची. जवाच्या पहिल्या पेंढीपासून सुरू होणारी ही मोजणी रोज रात्री आशीर्वचन म्हणून करतात: आज एक दिवस, आज दोन दिवस, असे एकोणपन्नास दिवस. या सात आठवड्यांतील शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दुपारी पूर्वजांच्या सुवचनांचा एकेक अध्याय वाचण्याची प्रथा आहे, त्यामुळे चैत्र-वैशाखाचा उन्हाळा शिकण्यातच जातो. पन्नासावा दिवस शावुओतचा. सिनाय पर्वतावर तोरा मिळाली तो हा दिवस. तेव्हा परदेशातून आलेल्या आणि सासूचा हात न सोडणाऱ्या रूथची कथा वाचतात, आणि त्या रात्री न झोपता अध्ययन करतात. कोकणात तोवर आभाळ भरून आलेले असते. उजाडता उजाडता पुस्तके मिटली जातात, आणि सकाळच्या प्रार्थनेसाठी कोणी तरी दारात उभे राहून माणसे मोजू लागते.