पाइनच्या रोपाची पहिली दोन वर्षं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते बोन्सायसाठी बियांपासून वाढवलेल्या पाइनच्या रोपांबद्दल.

जपानच्या शिकोकू बेटावर ताकामात्सु नावाचं शहर आहे. तिथल्या किनाशी आणि कोकुबुन्जी या भागांत पाइनची शेती चालते. हो, शेतीच. मोकळ्या रानात ओळीनं लावलेली पाइनची झाडं, आणि त्यांच्यामधून बसून-वाकून काम करणारी माणसं. जपानमधल्या पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के याच परिसरातून येतात. पाऊस तसा कमी, जमीन रेताड, पाणी थांबत नाही. समुद्रकाठच्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात वाढणाऱ्या काळ्या पाइनला हे मानवतं. रोप कसं सांभाळायचं याचं निम्मं उत्तर या जमिनीतच आहे: पाणी द्यायचं, पण साचू द्यायचं नाही.

काळ्या पाइनचं बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवतात. तरंगणारं बहुतेक पोकळ असतं, ते काढून टाकायचं. उरलेलं ओलसर वाळूत मिसळून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं की बी एकसारखं उगवतं. वसंताच्या सुरुवातीला पेरायचं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल.

मग दोन-तीन आठवड्यांनी एके दिवशी मातीतून वाकलेली मान वर येते. ती सरळ होते तेव्हा बियाचं टरफल अजून डोक्यावर असतं, बाळाच्या टोपड्यासारखं. ते काढायला हात शिवशिवतात, पण काढू नका. आतल्या कोवळ्या सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पानं, त्याच्याबरोबर तुटतात. टरफल आपोआप गळतं आणि साधारण सहा ते आठ बीजपत्रं, म्हणजे बियातलीच पहिली पानं, चक्रासारखी उघडतात.

इथून पुढचे काही आठवडे सगळ्यात जोखमीचे. सकाळी ताठ उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं पडलेलं दिसतं. जवळून पाहिलं तर मातीला लागून देठ पाण्यानं भिजल्यासारखा, दोऱ्याएवढा बारीक झालेला असतो. ही मर. मातीतल्या बुरशीमुळे येते आणि एकदा रोप पडलं की ते वाचत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट उचलून टाकावं. औषधांपेक्षा माझा भरवसा मांडणीवर आहे. बी दाट पेरू नये, माती खडबडीत आणि नवी असावी, ट्रेवर काच झाकून ठेवू नये, पाणी सकाळी द्यावं आणि वारा खेळता ठेवावा. खत या दिवसांत नकोच.

जी रोपं तगतात त्यांच्यावर जपानी माळी एक धाडसाचं काम करतात. बीजपत्रांच्या मधोमध खऱ्या सुया डोकावू लागल्या, देठ काडीपेटीतल्या काडीएवढा झाला, की नव्या ब्लेडनं रोप मुळापासून कापतात. बीजपत्रांखाली एक-दोन सेंटीमीटर देठ ठेवायचा, बाकी मूळ टाकून द्यायचं. कापलेलं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवायचं, ओल्या वाळूत काडीनं भोक पाडून त्यात अलगद उभं करायचं आणि महिनाभर सावलीत, वाऱ्याच्या आड ठेवायचं.

ऐकायला क्रूर वाटतं. पण पाइनचं सोटमूळ सरळ खाली धावतं, आणि उथळ कुंडीत त्याचा उपयोग नसतो. कापलेल्या जागी मात्र चहूबाजूंनी मुळं फुटतात. वीस-तीस वर्षांनी खोडाच्या बुंध्याशी मुळांचा जो पसरलेला घेर दिसतो, ज्याला बोन्सायवाले नेबारी म्हणतात, त्याची पायाभरणी इथे होते. मोठ्या झाडाची मुळं नंतर सुधारता येतात, पण त्यात वर्षं जातात. म्हणून मला वाटतं, पहिल्या वर्षी वरच्या हिरव्याकडे कमी आणि खाली जास्त लक्ष द्यावं.

दुसऱ्या वसंतात कुंडी बदलताना मुळांवर पांढरी जाळी दिसली आणि अळंबीचा वास आला, तर घाबरून धुऊन काढू नका. तीही बुरशीच, पण ही पाइनला पाणी आणि खनिजं मिळवून देते आणि बदल्यात त्याची साखर घेते. जुन्या मातीतली मूठभर नव्या कुंडीत जरूर मिसळा. कुंडीऐवजी स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची चाळणीही चालते. भोकांपाशी आलेल्या मुळाचं टोक हवेनं सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात.

आता खत, पेंडीचं, आणि भरपूर ऊन. खालच्या फांद्यांना ऊन मिळालं पाहिजे. पाइनच्या जुन्या, उघड्या लाकडावर नवे डोळे सहसा फुटत नाहीत, त्यामुळे खालची फांदी गेली की गेलीच. खोड लवचिक आहे तोवर बुंध्याजवळचं वळण तारेनं देऊन टाका. तार रुतायच्या आत काढा. शेंडा मात्र मोकळा वाढू द्या, कारण खोड त्यानंच जाडावतं. उन्हाळ्यात नवे कोंब खुडून सुया आखूड करण्याची पद्धत तयार झाडांसाठी आहे. दोन वर्षांच्या रोपावर ती करणं म्हणजे पी हळद अन् हो गोरी. रोप खंगतं, बाकी काही होत नाही.

काळ्या पाइनला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. न्यू जर्सीत किंवा जर्मनीत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना ती फुकट मिळते. पुण्या-नाशिकच्या श्रोत्यांनी त्यापेक्षा हिमालयाच्या खालच्या उतारांवरचा चीड हा पाइन निवडावा. एका झुपक्यात तीन लांब सुया, उष्णता सोसणारा, आणि बियांना फ्रिजची गरज सहसा पडत नाही. दिवाळीनंतर पेरलात तर जूनपर्यंत देठ टणक होतो आणि मरीला सहज बळी पडत नाही. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली येणार नाही एवढं बघा, पण उजेडात ठेवा, आणि तळाची भोकं दर आठवड्याला तपासत चला.