लॉगबुकातला संसार

(दृश्य : जुन्या लॉगबुकाची पानं. शाईच्या नोंदी, वर्षागणिक बदलत गेलेलं अक्षर.)

हॅमचं आयुष्य वाचायचं असेल तर त्याचं लॉगबुक उघडावं. परीक्षा देऊन परवाना मिळवलेला, स्वतःची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव असलेला हा हौशी रेडिओवाला घरातूनच ट्रान्समीटर चालवतो आणि प्रत्येक संपर्काची नोंद करतो. तारीख, जगभर सगळ्यांसाठी एकच असलेली यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याची कॉल साइन, सिग्नल कसा आला त्याचा रिपोर्ट. घरच्या माणसांसाठी यात रकाना नसतो. तरीही साठ-सत्तर वर्षांची पानं ओळीनं चाळत गेलं की संसार दिसायला लागतो. कधी नोंदींच्या वेळांतून, तर कधी महिनोन्‌महिने कोऱ्या राहिलेल्या जागांतून.

त्या पिढीतल्या अनेकांची ही गोष्ट आहे. समजा, 1957 साली हा मुलगा बारा वर्षांचा आहे. 4 ऑक्टोबरला स्पुतनिक आकाशात जातो आणि 20 मेगाहर्ट्झच्या किंचित वर त्याची बीप-बीप सुरू होते. साध्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरवरही ती ऐकू येते. ज्यानं ती त्या वयात स्वतःच्या कानांनी ऐकली, त्याला पुढे रेडिओचं वेड का लागलं, हे विचारायची गरज नाही.

शिवाय वेळही नामी होती. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. डाग वाढले की सूर्याचे अतिनील किरण वाढतात, वातावरणाच्या वरच्या थरातलं आयनीभवन वाढतं आणि तो थर शॉर्टवेव्ह लहरी वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. 1957-58 चं शिखर आजवर नोंदलेल्यांपैकी सर्वांत उंच. थोड्याशा वॉटमध्ये, घरी डाख देऊन जोडलेल्या व्हॉल्व्हच्या सेटवर, दहा मीटरच्या बँडवरून, म्हणजे साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या पट्ट्यातून, माणसं खंड ओलांडत होती. 1957 पासून 2024 पर्यंत अशी सात शिखरं येऊन गेली. हॅम आपलं वय असंही मोजतात.

(दृश्य : मोर्सची की, म्हणजे डॉट-डॅशचे संदेश ठोकायची कळ. बोटं आणि मनगट, अगदी जवळून.)

नीट बघा, ही की चालवताना बोटं जवळजवळ हलत नाहीत. हालचाल मनगटातून येते. डॅश डॉटच्या तिप्पट लांबीचा, हा नियम सगळ्यांना सारखाच. तरीही प्रत्येकाची लय निराळी पडते आणि जुना दोस्त कॉल साइन पुरी व्हायच्या आत ओळखू येतो. दोन माणसं तीस-तीस वर्षं एकमेकांना फक्त या लयीवरून ओळखतात. घरी कोण आजारी आहे, मुलगी कितवीत गेली, सगळं ठाऊक असतं. चेहरा मात्र पाहिलेला नसतो. ही मैत्री मला या छंदातली सर्वांत मोठी कमाई वाटते.

मग लग्न होतं. वीस मीटरच्या बँडसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे तारेची एरियल ताणायची तर सुमारे दहा मीटर तार लागते, ऐंशी मीटरसाठी चाळीस. एवढी तार घरावरून जाणार म्हणजे ती घरच्यांच्या संमतीनंच जाणार. त्यात टीव्हीचं दुखणं. ट्रान्समीटरमधून मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले हार्मोनिक्स निसटतात. ते टीव्हीच्या चॅनेलवर पडले की पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा उमटतात, आणि शेजारी दारात येतो. हॅम हे हार्मोनिक्स अडवणारा लो-पास फिल्टर लावतो, चासीचं शील्डिंग पक्कं करतो, आणि तोवर टीव्हीचे कार्यक्रम संपायची वाट बघतो. लॉगबुकात नोंदी मध्यरात्रीनंतरच्या दिसायला लागतात.

पुढे एकदम कोरी जागा. मूल झालेलं असतं. नोंदी परत सुरू होतात त्या पहाटेच्या. रडणाऱ्या बाळाला निजवून झाल्यावर पुन्हा झोप लागत नाही, तेव्हा बाप कानाला हेडफोन लावून चाळीस मीटरवर बसतो. दिवसा खालचे बँड शोषून घेणारा वातावरणातला डी थर रात्री विरलेला असतो, आणि उजाडण्याच्या संधिप्रकाशात दिवस-रात्रीच्या सीमेच्या कडेकडेनं फार लांबचे सिग्नल येतात. मोर्सचा एक फायदा असा, की घर झोपलेलं असतानाही गप्पा मारता येतात. अशी पानं पाहिली की मला तो माणूस जास्त आवडतो, कारण आधी बाळ, मग बँड, हा क्रम त्यानं चुकवलेला नसतो.

व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. आवाज पाठवायच्या एएम पद्धतीच्या जागी एसएसबी पद्धत आली. 1983 मध्ये अंतराळवीर ओवेन गॅरियट कोलंबिया यानातून हातातल्या छोट्या सेटवर जमिनीवरच्या हॅमशी बोलले. 2003 मध्ये मोर्सच्या परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली. 2017 मध्ये एफटी8 ही संगणकावरून संदेश पाठवायची पद्धत आली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्या, आणि कानाला अजिबात न कळणारा सिग्नलही संगणक वाचून दाखवतो. सूर्य थंड असलेल्या वर्षांत यानं बँड जिवंत ठेवले, हे मान्यच. पण त्यात मुलीची चौकशी करायला जागा नाही, आणि मला ती उणीव फार मोठी वाटते.

(दृश्य : खोक्यांत रचलेली क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्काच्या टपालानं आलेल्या पावत्या.)

हॅम गेला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात. पण त्याची टपाल चालूच राहते. कार्डं एकत्र करून पुढे पाठवणाऱ्या क्यूएसएल ब्यूरोमार्फत येणारी कार्डं पोचायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. त्यामुळे संपर्क पक्का झाल्याची कार्डं त्याच्या माघारी येत राहतात, आणि मुलं वडिलांचं लॉगबुक काढून तारीख-वेळ जुळवून उत्तरं धाडतात. सेटांचंही बघावं लागतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतात, म्हणून झाकण उघडायचं काम जाणकार हॅमवरच सोपवावं. घरच्यांचा विचार करणारा माणूस हे सगळं हयातीतच एका कागदावर लिहून ठेवतो. कोणता सेट कोणाला द्यायचा, एरियल कोणाकडून उतरवून घ्यायची, कोणाला फोन करायचा. बहुतेकदा त्या यादीत पहिलं नाव नुकताच परवाना मिळालेल्या एखाद्या पोराचं असतं.