दुसऱ्या पसंतीचं मत

(निवेदन)

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. २०२७ च्या जुलैत त्यांची पाच वर्षं पूर्ण होतात. पुढची निवडणूक त्याआधीच पार पडली पाहिजे, असं राज्यघटना सांगते.

या निवडणुकीत मत देतात आपण निवडून दिलेले खासदार आणि आमदार. राज्यसभेतल्या नियुक्त सदस्यांना मत नसतं. विधान परिषदेच्या आमदारांनाही नसतं.

आणि इथे प्रत्येक मत सारखं नसतं. महाराष्ट्राचंच गणित घ्या. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला २८८ आमदारांनी भागा, आलेल्या उत्तराला हजारानं भागा. येतात १७५. हे झालं आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य. उत्तर प्रदेशात ते २०८, सिक्कीममध्ये ७. देशभरातल्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागलं, की खासदाराचं मूल्य मिळतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं.

मतदान यंत्र इथे नाही. खासदारांना हिरवी मतपत्रिका, आमदारांना गुलाबी. शिक्का मारायचा नाही, पसंतीचे आकडे लिहायचे: १, २, ३. पहिली पसंती नसेल तर मत बाद. पुढच्या पसंती ऐच्छिक.

त्या ऐच्छिक आकड्यांनी काय होतं, ते १९६९ मध्ये देशानं पाहिलं.

काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. व्ही. व्ही. गिरी अपक्ष. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. इंदिरा गांधींनी विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असं आवाहन केलं. पक्षादेश, म्हणजे व्हिप, या निवडणुकीत चालत नाही आणि मतदान गुप्त असतं. मला या पद्धतीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

२० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीची मतं: गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. आपल्या लोकसभेच्या नियमानं गिरी तिथेच जिंकले असते. इथे मात्र वैध मतांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ४,१८,१६९ चा कोटा गाठायचा होता. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले, शेवटी देशमुखही, आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यातला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, जवळपास ९२ हजार. गिरींना साडेअठरा हजारच मिळाले. पण तेवढे पुरले. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

त्यानंतर मतदान झालेल्या प्रत्येक राष्ट्रपती निवडणुकीचा निकाल पहिल्याच फेरीत लागला. त्या मतपत्रिकांवर कुणी दुसरी पसंती लिहिली असेलही, पण ती मोजायची वेळ पुन्हा आलेली नाही.