फेस गेला, विष राहिलं

श्रोतेहो, नमस्कार. साबण तेलकटपणा कसा ओढून काढतो ते घरोघरी ठाऊक आहे. कारखान्यांत, लोकर धुण्यापासून कीटकनाशक पाण्यात मिसळण्यापर्यंत, तेच काम वर्षानुवर्षं नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटं करत आली. त्यांच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे क्षार असलेल्या जड पाण्यातही त्यांचं अडत नाही.

आता माझी आवडती गोष्ट. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. त्यांच्या प्रयोगात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन दिलं की पेशी वाढायच्या, नाही दिलं की थांबायच्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मात्र सगळंच बिनसलं. इस्ट्रोजेनचा थेंबही नसलेल्या ताटल्यांत पेशी भराभर वाढू लागल्या! कुणी चुकून हार्मोन सांडलं का? तसं काही नव्हतं. एकेक वस्तू बदलून पाहता पाहता संशय येऊन थांबला प्लास्टिकच्या नळ्यांवर, ज्यांत रक्तद्रव साठवलं जायचं. उत्पादकाला विचारलं. हो, प्लास्टिकचा फॉर्म्युला बदललाय, पण काय घातलंय ते सांगणार नाही, व्यापारी गुपित आहे! (माझं विचाराल तर ‘व्यापारी गुपित’ या दोन शब्दांनी विज्ञानाचा जेवढा वेळ खाल्ला, तेवढा वीज जाण्यानेही खाल्ला नसेल.) मग दोघांनी स्वतःच तो पदार्थ वेगळा काढला. निघालं नोनिलफिनॉल. १९९१मध्ये हे प्रसिद्ध झालं.

नळीत ते प्लास्टिकमधून आलं होतं. नदीत येतं सांडपाण्यातून. जिवाणू इथॉक्सिलेटची लांब शेपटी कुरतडत जातात, फेस मरतो, पण डोकं उरतं. ते डोकं म्हणजे नोनिलफिनॉल. पुन्हा सांगतो: उरलेला तुकडा मूळ रसायनापेक्षा जास्त विषारी. हवा नसलेल्या गाळात तो साचतो, हे स्विस संशोधकांनी १९८४मध्येच दाखवलं होतं. इंग्लंडच्या एअर नदीत, लोकर धुणाऱ्या कारखान्यांच्या खालच्या बाजूला, नर माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचं प्रथिन सापडलं. नरांच्या, बरं का!

युरोपीय संघाने २००३मध्ये नोनिलफिनॉल आणि त्याच्या इथॉक्सिलेटांच्या बहुतेक वापरांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. त्यांच्या जागी आलेली सरळ साखळीची अल्कोहोल इथॉक्सिलेटं हवेशीर टाकीत पुरती विघटित होतात. पण प्रक्रिया न होताच नदीत सुटली, तर तीही माशांच्या कल्ल्यांना झोंबतात.