पेरणी की कापणी

(दृश्य : पॅरिसला खेटून असलेलं माँत्रय. पुरुषांच्या वसतिगृहाचं सामायिक स्वयंपाकघर.)

भल्या मोठ्या पातेल्यात माफे रटरटतंय. शेंगदाण्याच्या कुटाचा दाट रस्सा, त्यात मटण. बाजूला भाताचा ढीग. अशा वसतिगृहाला इथे ‘फ्वाये’ म्हणतात. याच गावात पियानोच्या जुन्या कारखान्यात १९६८ साली एक फ्वाये सुरू झालं, ते पार २०१८ पर्यंत माणसांनी गच्च भरलेलं होतं.

राहणारे बहुतेक सोनिंके जमातीचे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या पश्चिमेकडचे, सेनेगल नदीच्या मुलखातले. त्या प्रांताचं नाव काय? नावच ‘काय’. आपल्याला हसू येईल, पण इथल्या म्हाताऱ्यांचा जीव त्या दोन अक्षरांत अडकलाय.

पूर्वी रीत सरळ होती. थोरल्याने यायचं, मोटारीच्या कारखान्यात नाहीतर रस्ते झाडायला काही वर्षं राबायचं आणि गाठीला पैसे बांधून गावी परतायचं. त्याच्या खाटेवर धाकटा यायचा. १९७४ च्या जुलैत फ्रान्सने परदेशी कामगारांना दार लावलं. झालं भलतंच. आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने जो जिथे होता तो तिथेच रुतला.

गाव मात्र या खाटांनीच उभं केलं. इथे गावागावाची वर्गणीची पेटी असते. तिच्यातून तिकडे विहिरी झाल्या, शाळा, दवाखाने, मशिदी झाल्या. पेटीचं आणखी एक काम : इथे कुणी वारला तर त्याला विमानाने गावच्या मातीत पोचवणं. मेलेल्याच्या परतीची सोय पक्की. अडतं ते जिवंताचं.

(दृश्य : बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत पासपोर्ट, विमानाचे बोर्डिंग पास, घडी घातलेलं कॅलेंडर.)

हिशेब दिवसांचा आहे. कमावलेली पेन्शन कुठेही नेता येते, पण ती तुटपुंजी. कित्येक मालकांनी कामाची नोंदच केली नव्हती. वरची तूट भरून काढतो सरकारी वृद्ध भत्ता, आणि तो फ्रान्समध्ये राहणाऱ्यालाच मिळतो. आधी वर्षातले सहा महिने राहिलं की भागायचं. सप्टेंबर २०२३ पासून नऊ. म्हणजे गावाला उरले तीन. म्हणून हे बोर्डिंग पास जपायचे. कधी गेलो, कधी आलो, उद्या कुणी विचारलं तर पुरावा हवा.

मालीतल्या बांबारा भाषेत परमुलखाला ‘तुंगा’ म्हणतात. तिच्यात एक म्हण आहे : तुंगाला माणसाचं कुळ कळत नाही. इथे झाडूवाला म्हणून जन्म गेला, तिकडे हा घरातला कर्ता. पण सुट्टीवर आलेला कर्ता. नातवंडं आधी त्याच्या बॅगेकडे बघतात, मग त्याच्याकडे. आणि अंगणात बसता बसताच कुणीतरी विचारतं, ‘परत कधी?’

(दृश्य : काय प्रांतातलं शेत. पहिला पाऊस.)

इथे पाऊस जून ते सप्टेंबर. जूनच्या सुमाराला ज्वारी पेरायची, ऑक्टोबरनंतर कापायची. सहा महिन्यांच्या हिशेबात दोन्ही बसायचं. तीन महिन्यांत बसत नाही. पेरणीला आलात तर कणसं भरण्याआधी विमान गाठा. कापणीला आलात तर पेरणी दुसऱ्याच्या हातची.

(दृश्य : पुन्हा माँत्रय. खाटेवर कॅलेंडर पसरलेलं.)

यंदा लाल खूण ऑक्टोबरवर आहे.