काकूंचे दोन रिपोर्ट

(इंदूरला रामबागेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, बाहेर पोह्यांचा वास सुटलाय, तेव्हा प्रस्तावना गाळतो.

आमच्या शेजारच्या काकू एकदा दोन कागद घेऊन आल्या. आठवड्याच्या अंतरानं दोन लॅबमध्ये केलेल्या तपासण्या. पहिल्या कागदावर ड जीवनसत्त्व ४१, पीटीएच २४. दुसऱ्यावर ड १७, पीटीएच ८८. "खोटं कोण बोलतंय ते सांग," म्हणाल्या.

गंमत अशी की दोन्ही कागद आपापल्या परीनं शहाणे होते. पीटीएच हे थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या चार चिमुकल्या ग्रंथींचं संप्रेरक. ड कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, मग या ग्रंथी पीटीएच वाढवून हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतात. म्हणजे ड भरपूर तर पीटीएच शांत, ड कमी तर पीटीएच चढलेलं. दोन्ही कागदांवर हिशेब बरोबर जुळत होता!

आता मोजतात कसं ते बघा. मघाशी इथे दोन मुलांनी सतरंजी आणली. एकानं पुढचं टोक धरलं होतं, दुसऱ्यानं मागचं. पीटीएच असंच मोजतात. ८४ अमिनो आम्लांची ही साखळी. एक प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारं प्रथिन, तिला एकीकडे धरतं, दुसरं दुसरीकडे. दोघांच्या हातात आली तरच मशीनमध्ये उजेड पडतो. जितका उजेड, तितकं पीटीएच.

ड जीवनसत्त्वाचा रेणू मात्र एवढासा, दोन हात लागायला त्यावर जागाच नाही. म्हणून तिथे संगीत खुर्ची. प्रतिपिंडांच्या खुर्च्या मोजक्या. त्यांवर किटमधलं खूण लावलेलं ड बसायला धावतं आणि तुमच्या रक्तातलंही. तुमचं जास्त असेल तर खूणवालं बाहेर राहतं आणि उजेड कमी पडतो. म्हणजे इथे हिशेब उलटा: उजेड कमी, तर ड जास्त.

मी काकूंना विचारलं, कुठली गोळी घेता? "छे, औषध काही नाही. केसांसाठी सूनबाईनं आणलेली आहे, तेवढीच." डबी बघितली. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, १० मिलिग्रॅम. दिवसाची गरज असते साधारण ३० मायक्रोग्रॅम! बऱ्याच मशीनमध्ये प्रतिपिंडं अडकवायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची जोडी हुक आणि कडीसारखी वापरतात. काकूंच्या पहिल्या लॅबचं मशीन त्यातलंच. गोळीतलं बायोटिन रक्तात भरलेलं असलं की सगळ्या कड्या तेच अडवतं आणि उजेड घटतो. सतरंजीच्या पद्धतीत उजेड घटला की पीटीएच खोटं कमी येतं, खुर्चीच्या पद्धतीत ड खोटं जास्त. एकाच गोळीनं दोन आकडे दोन दिशांना ढकलले, आणि तेही बेमालूम जुळणाऱ्या. काकूंनी तीन दिवस गोळी बंद ठेवून पहिल्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. ड १८, पीटीएच ८४. आता बरेच नवे किट जास्त बायोटिन सहन करतात, पण रक्त देताना गोळी सांगाच.

एक चूक माझीही सांगतो. लॅबमधल्या उमेदवारीच्या काळात खरगोनहून मे महिन्यात बसनं एक सॅम्पल आलं. साधी ट्यूब, बर्फ पार वितळलेला, मध्ये एक रात्र गेलेली. मी निमूटपणे चालवलं. पीटीएच ५८ आलं. नवं रक्त घेतलं तेव्हा ९२. अशा सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात, हा रेणू झिजत जातो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, तिथे तो जास्त टिकतो. मात्र त्याच ट्यूबमधून कॅल्शियम मोजू नका, ईडीटीए कॅल्शियमलाच धरून बसतं. त्यासाठी वेगळी ट्यूब.

पीटीएचची पहिली तपासणी बर्सन आणि यॅलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६३ साली किरणोत्सर्गी खूण वापरून केली. यॅलोबाईंना पुढे १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर गेलेले होते. त्या पद्धतीत साखळीचे तुकडेही मोजले जात. १९८७ च्या सुमारास दोन हातांची पद्धत आली, पण पुढचा हात अगदी काठाला नव्हता. त्यामुळे पहिले सहा दुवे तुटलेली साखळीही अख्खी म्हणून मोजली जाई. तिसऱ्या पिढीचं प्रतिपिंड अगदी पहिल्या काठाला धरतं. ज्यांची मूत्रपिंडं थकलीत त्यांच्या रक्तात हे तुकडे साचतात, म्हणून त्यांच्या बाबतीत दोन पिढ्यांच्या किटमध्ये खूप फरक दिसतो. डायलिसिसच्या रुग्णांसाठी २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी थेट आकडा दिलाच नाही. त्या किटच्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट, असं सांगितलं. मला ही कबुली फार प्रामाणिक वाटते.

मग मास स्पेक्ट्रोमेट्री करावी का, अशी चिठ्ठी आली आहे. ती ड चे रेणू आधी वेगळे करते आणि मग त्यांचं वजन बघते, त्यामुळे ड चे दोन प्रकार, डी२ आणि डी३, निराळे दिसतात. काही प्रतिपिंडांना डी२ नीट ओळखू येत नाही, तिथे तिचा उपयोग खरा. तान्ह्या बाळांत मात्र त्याच वजनाचा एक जुळा रेणू असतो, तो वेगळा काढणारा कॉलम, म्हणजे रेणू निवडणारी नळी, नसेल तर महागडं मशीनही फसतं. तुम्ही-आम्ही ६०,००० युनिटची डी३ ची पुडी घेणारे. आपल्याला साधी तपासणी चालते. फक्त दर वेळी लॅब तीच ठेवा, आणि रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत छापलेली असते, ती आधीच्या कागदाशी ताडून बघा.